रहाणे, अजिंक्य मधुकर

(६ जून १९८८ – ). भारताचे कसोटी फलंदाज आणि भारत व मुंबई या संघांचे माजी कर्णधार. परदेशांतील वेगवान खेळपट्ट्यांवरील फलंदाजी, गलीतील व स्लिपमधील झेल आणि २०२०–२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातील नेतृत्व यांसाठी विशेष प्रसिद्ध. त्यांचा जन्म अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यात आश्वी खुर्द या गावी एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. बालपण व शालेय शिक्षण ठाणे जिल्ह्यातील डोंबिवली येथे झाले.

मुंबईच्या फलंदाजीची परंपरा प्रामुख्याने दक्षिण व मध्य मुंबईतील मैदानांवर वाढली. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल व शिवाजी पार्क ही तिची केंद्रे होत. विजय मर्चंट, विजय मांजरेकर, अजित वाडेकर, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर आणि सचिन तेंडुलकर हे तिचे प्रमुख प्रतिनिधी. यष्टीचे मोल जाणणे, चुकीचा चेंडू येईपर्यंत थांबणे व मोठा डाव रचणे हे या परंपरेचे विशेष मानले जातात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरातील मध्यमवर्ग उपनगरांकडे व तेथून पुढे ठाणे जिल्ह्याकडे सरकू लागला. ठाणे, डोंबिवली व कल्याण ही मध्य रेल्वेवरील शहरे झपाट्याने वाढली. पुढे ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या दुतर्फाही मोठी वसाहत उभी राहिली. घरे वाढली, त्या प्रमाणात मैदाने मात्र वाढली नाहीत. त्यामुळे या पट्ट्यातील होतकरू खेळाडूला साहित्याची अवजड पिशवी खांद्यावर घेऊन लोकलच्या गर्दीतून मुंबईची मैदाने गाठावी लागत. डोंबिवलीपासून दक्षिण मुंबईचे अंतर सुमारे ४८ किमी. आहे.

ठाण्याला कसोटी क्रिकेटचा वारसा अगदीच नव्हता असे नाही. १९४७–४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तीन कसोटी सामने खेळलेले डावखुरे फलंदाज खंडू रांगणेकर (१९१७–८४) यांचे वास्तव्य ठाण्यात होते. त्या दौऱ्यात पाच कसोटींपैकी चार भारताने गमावल्या व एक अनिर्णित राहिली. स्वतंत्र भारताचा तो पहिलाच कसोटी दौरा होता. ऑस्ट्रेलियात कसोटी मालिका जिंकण्यासाठी भारताला त्यानंतर ७१ वर्षे वाट पाहावी लागली. २०१८–१९ मध्ये विराट कोहली यांच्या नेतृत्वाखाली हे यश प्रथम मिळाले.

रहाणे यांनी वयाच्या सातव्या वर्षी डोंबिवलीतील एका लहान शिबिरात, मॅटिंगच्या खेळपट्टीवर, क्रिकेटचे धडे घेण्यास प्रारंभ केला. त्याच काळात ते कराटेही शिकत होते. पुढे भारताचे माजी कसोटी फलंदाज प्रवीण आमरे यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. सप्टेंबर २००७ मध्ये मोहम्मद निसार करंडकासाठी कराची येथे कराची अर्बन संघाविरुद्ध मुंबईकडून खेळताना प्रथम श्रेणीतील पदार्पणातच त्यांनी १४३ धावा केल्या. २००८–०९ च्या रणजी हंगामात त्यांनी एक हजाराहून अधिक धावा जमविल्या व मुंबईच्या ३८ व्या विजेतेपदात मोठा वाटा उचलला.

आंतरराष्ट्रीय पदार्पण ३१ ऑगस्ट २०११ रोजी मँचेस्टर येथे इंग्लंडविरुद्धच्या ट्वेंटी-२० सामन्यात झाले. त्यात त्यांनी ६१ धावा केल्या. कसोटी संघात निवड होऊनही प्रत्यक्ष खेळण्याची संधी मिळण्यास त्यांना वर्षाहून अधिक काळ लागला. अखेर मार्च २०१३ मध्ये दिल्ली येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध ते प्रथम कसोटी खेळले. परंतु दोन्ही डावांत मिळून त्यांना केवळ आठ धावा करता आल्या. त्याच वर्षाअखेर दक्षिण आफ्रिकेतील डरबन येथे नाबाद ५१ व ९६ धावा करून त्यांनी आपली निवड सार्थ ठरविली. फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टन येथे न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी पहिले कसोटी शतक (११८) झळकाविले.

त्याच वर्षीच्या जुलैमधील लॉर्ड्स कसोटीत त्यांच्या फलंदाजीचे गुण विशेषत्वाने दिसून आले. हिरव्यागार खेळपट्टीवर भारताचे सात गडी १४५ धावांत बाद झाले असता त्यांनी भुवनेश्वर कुमार यांच्या साथीने डाव सावरला व १०३ धावा केल्या. भारताने हा सामना ९५ धावांनी जिंकला. लॉर्ड्सवर भारताला १९८६ नंतर मिळालेला हा पहिलाच विजय होता. डिसेंबर २०१४ मध्ये मेलबर्न येथे १४७ धावा करताना त्यांनी कोहली यांच्यासमवेत २६२ धावांची भागीदारी केली. ऑगस्ट २०१५ मध्ये गॉल येथे श्रीलंकेविरुद्ध एकाच कसोटीत आठ झेल घेऊन यष्टिरक्षकेतर क्षेत्ररक्षकाचा जागतिक विक्रम त्यांनी प्रस्थापित केला. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके (१२७ व नाबाद १००) केली. ऑक्टोबर २०१६ मध्ये इंदूर येथे न्यूझीलंडविरुद्ध केलेल्या १८८ धावा ही त्यांची सर्वोच्च कसोटी धावसंख्या होय. त्या डावात कोहली व रहाणे यांनी चौथ्या गड्यासाठी ३६५ धावांची भर घातली. २०१६ चा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला.

रहाणे उजव्या हाताने फलंदाजी करतात. चेंडू शरीराजवळ व उशिरा खेळणे, मागील पायावरून मारलेले कट व पुल आणि फारसा जोर न लावता मारलेला कव्हर ड्राइव्ह ही त्यांची वैशिष्ट्ये होत. संघात त्यांचे स्थान बहुतेक काळ पाचवे व भूमिका बहुधा दुय्यम राहिली. उपकर्णधार असूनही २०१८ च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेतील पहिल्या दोन कसोटींतून त्यांना वगळण्यात आले होते. जोहॅनिसबर्ग येथील तिसऱ्या कसोटीत चेंडू अनियमितपणे उसळत असता त्यांनी दुसऱ्या डावात ४८ धावा केल्या आणि भारताने ती कसोटी ६३ धावांनी जिंकली.

कर्णधारपद त्यांच्याकडे आले ते प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या अनुपस्थितीत. मार्च २०१७ मध्ये कोहली जखमी झाल्याने धरमशाला येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी प्रथम नेतृत्व केले व निर्णायक कसोटीसह मालिका भारताने जिंकली. डिसेंबर २०२० मध्ये प्रसंग अधिक बिकट होता. ॲडिलेड येथील पहिल्या कसोटीत पहिल्या डावात रहाणे यांच्या चुकीच्या हाकेमुळे कोहली ७४ धावांवर धावबाद झाले. दुसऱ्या डावात भारत ३६ धावांत गारद झाला. भारताची ही कसोटीतील नीचांकी धावसंख्या होय. त्यानंतर कोहली अपत्यजन्मासाठी मायदेशी परतले व मोहम्मद शमी जखमी झाले.

मेलबर्नच्या दुसऱ्या कसोटीत रहाणे यांनी पहिल्याच तासात रविचंद्रन अश्विन यांच्या फिरकीस पाचारण केले. लेग साइडला यष्टीमागे लावलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हाती झेल जाऊन स्टीव्ह स्मिथ शून्यावर बाद झाला व यजमानांचा डाव १९५ धावांत आटोपला. त्यानंतर रहाणे यांनी ११२ धावा काढल्या. रवींद्र जडेजा यांच्यासमवेत १२१ धावांची भागीदारी झाल्यावर ते धावबाद झाले. तथापि आपल्या साथीदाराला त्यांनी मैदानावरच धीर दिला. भारताने सामना आठ गड्यांनी जिंकला. सामनावीरासाठी त्याच वर्षी सुरू झालेले मुलाघ पदक प्रथम त्यांना मिळाले. सिडनी येथे प्रेक्षकांपैकी काहींनी मोहम्मद सिराज यांना उद्देशून अपशब्द वापरले, तेव्हा रहाणे यांनी ती बाब पंचांपुढे मांडली व खेळ काही काळ थांबविण्यात आला. ती कसोटी हनुमा विहारी व अश्विन यांनी जखमी अवस्थेत तग धरून अनिर्णित राखली.

ब्रिस्बेन येथील अखेरच्या कसोटीस जसप्रीत बुमराह, अश्विन, जडेजा व विहारी हे सर्व दुखापतींमुळे मुकले. वॉशिंग्टन सुंदर व टी. नटराजन यांनी येथेच कसोटी पदार्पण केले. पहिल्या डावात सुंदर व पालघरचे शार्दूल ठाकूर (हा भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता) यांनी सातव्या गड्यासाठी १२३ धावांची भर घालून सामना हातचा जाऊ दिला नाही. १९ जानेवारी २०२१ रोजी ३२८ धावांचे लक्ष्य तीन गडी राखून गाठून भारताने मालिका २–१ अशी जिंकली. या मैदानावर ऑस्ट्रेलियाने १९८८ नंतर एकही कसोटी गमावली नव्हती. विजयानंतर रहाणे यांनी शंभरावी कसोटी खेळणाऱ्या नेथन लायनला भारतीय संघाची स्वाक्षरीयुक्त जर्सी भेट दिली. मुंबईत परतल्यावर स्वागतासाठी आणलेला कांगारूच्या आकृतीचा केक कापण्यास त्यांनी नकार दिला.

या यशानंतर त्यांची फलंदाजी मात्र उतरणीस लागली. २०२१ मधील त्यांची कसोटी सरासरी २१ च्याही खाली होती. त्यांचे उपकर्णधारपद गेले व २०२२ च्या आरंभी संघातील स्थानही गेले. ते देशांतर्गत क्रिकेटकडे वळले व त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने २०२२ मध्ये प्रथमच सय्यद मुश्ताक अली करंडक जिंकला. जून २०२३ मध्ये ओव्हल येथे विश्व कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात पुनरागमन करताना त्यांनी ८९ व ४६ धावा केल्या. परंतु जुलै २०२३ मधील वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर त्यांना पुन्हा वगळण्यात आले. मार्च २०२४ मध्ये विदर्भाचा पराभव करून मुंबईने त्यांच्या नेतृत्वाखाली ४२ व्यांदा रणजी करंडक मिळविला. ऑक्टोबर २०२४ मध्ये इराणी करंडकही २७ वर्षांनी मुंबईकडे आला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी मुंबईचे कर्णधारपद सोडले.

जुलै २०२३ पर्यंतच्या ८५ कसोटींत रहाणे यांनी ३८.४६ च्या सरासरीने ५,०७७ धावा केल्या. त्यांत १२ शतकांचा समावेश आहे. ९० एकदिवसीय सामन्यांत त्यांच्या २,९६२ धावा आहेत. केवळ सरासरीवरून पाहता त्यांची गणना भारताच्या अग्रगण्य फलंदाजांत होणार नाही. तथापि त्यांच्या बारा शतकांपैकी आठ परदेशांत झालेली आहेत. ही शतके ज्या अकरा कसोटींत झाली, त्यांपैकी आठ भारताने जिंकल्या, तीन अनिर्णित राहिल्या व एकही गमावली नाही. कर्णधार म्हणून खेळलेल्या सहा कसोटींपैकी चार जिंकल्या व दोन अनिर्णित राहिल्या. संघ अडचणीत असताना केलेल्या धावा हेच त्यांच्या कारकीर्दीचे खरे मोजमाप होय. ठाणे जिल्ह्यातील मैदाने अपुरी असलेल्या एका शहरातून मुंबईच्या परंपरेत आलेल्या या फलंदाजाने त्या परंपरेतील संयम परदेशांतील कसोटींत सिद्ध करून दाखविला.