आत्याच्या वाती

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. वेगळा जिल्हा व्हायला १९९९ साल उजाडायचे होते. त्याच्या आदल्या वर्षी, ऐन श्रावणात, औंढ्याजवळच्या आमच्या गावी आत्याला अर्धांगवायू झाला. उजवा हात लुळा पडला. रुग्णालयातून येताना व्यायामासाठी एक रबरी चेंडू मिळाला होता. तो दाबायला सांगितले की आत्या भिंतीकडे तोंड फिरवी. म्हणे, "लेकराच्या चेंडूशी म्या काय खेळू?" आम्ही तिला हट्टी ठरवून मोकळे झालो.

शेजारची एक मुलगी मुंबईत व्यवसायोपचार शिकत होती. गौरी-गणपतीच्या सुटीत ती गावी आली. तिने चेंडू बाजूला ठेवला आणि आम्हांला कोणालाच न सुचलेला प्रश्न विचारला, "आत्याबाई, तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिरपुरी पुनवंला नागनाथाम्होरं माझ्या हातची वात लागावी."

ही विद्या आपल्याकडे रुजवली ती कमलाबाई निंबकरांनी. त्या मूळच्या अमेरिकन. माहेरचे नाव एलिझाबेथ लुंडी. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी भारतातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. १९५२ साली जागतिक संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्या दहा संस्थापक सदस्यांत भारत होता. अमेरिकेत १९१७ साली ज्यांनी या विद्येची पहिली संस्था काढली, त्यांतला जॉर्ज बार्टन हा वास्तुशिल्पी स्वतःच डाव्या अंगाने लुळा झालेला होता. सुतारकाम आणि बागकाम करीत त्याने आपले अंग सावरले. म्हणजे वाट दाखवणाऱ्यांत एक रोगीच होता!

१९९१ साली कॅनडातील तज्ज्ञांनी तर अशी पद्धत बसवली, की आपल्याला महत्त्वाची वाटणारी कामे रोग्यानेच सांगायची; ती किती जमतात आणि त्यांत किती समाधान आहे, याला एक ते दहा गुणही त्यानेच द्यायचे. मी शाळामास्तर, विद्यार्थ्याने स्वतःला गुण द्यायचे म्हणजे मला उफराटेच वाटले. पण दुखणे ज्याचे, परीक्षाही त्याचीच.

जाताना त्या मुलीने आईला क्रम लावून दिला. आधी लुळ्या हाताने कापूस नुसता धरायचा आणि चांगल्या हाताने सरकी काढायची. मग दोन्ही हातांनी पेळू ओढायचा. शेवटी वात. कोणी आठवण न करता आत्या सकाळीच कापूस मागू लागली.

त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत पाच वाती झाल्या, जाड, वाकड्या. आम्ही त्या औंढ्याला नेऊन लावल्या. हात पुढेही पहिल्यासारखा झाला नाही. पण आत्याने भिंतीकडे तोंड फिरवले नाही.

गीतेत 'व्यवसाय' या शब्दाचा अर्थ धंदा नव्हे, निश्चय असा आहे. तो निश्चय दुसऱ्याने करून चालत नाही, हे मला आत्याने शिकवले.

रबरी चेंडू मात्र घरातल्या पोरांनी कधीच पळवला होता.