शिंगवाल्याच्या शोधात

लालबागच्या मसाला बाजारात तुम्ही उभे आहात. मुलासाठी ठेल्यावरून घेतलेला छोटा तीन शिंगांचा डायनोसॉर मुठीत. शेजारी मिरची कुटतायत. सणसणीत ठसका लागतो, डोळे मिटतात.

उघडता तेव्हा उड्डाणपूल गायब. गिरणीची चिमणी उभी राहते, भोंगा होतो, तीही जाते. परळ एक बेट, वरळी दुसरं, मध्ये भरतीचं पाणी. मग बेटंही नाहीत.

थांबता ते सुमारे सव्वासहा कोटी वर्षांपूर्वी. पायाखाली थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक. वरळीची टेकडी पुढे जिथे येणार आहे तिथे उथळ तळं, चिखल, कुजका पाला. तुम्ही काठाशी दबा धरता. शिंगवाला पाणी प्यायला येईलच.

येत नाही. तुम्हाला पस्तीसेक लाख वर्षं उशीर झालाय. कपाळावर बुटकं शिंग असलेला आपल्याकडचा राजासॉरस केव्हाच संपला. त्याची हाडं गुजरातेत राहिओलीला सापडणार आणि २००३ साली त्याला नाव मिळणार. मुठीतला तीनशिंग्या तर उत्तर अमेरिकेचा, इकडे कधी फिरकलाच नव्हता.

पायाशी चिखल हलतो. एवढासा बेडूक! तुमच्याकडे बघतो, घसा फुगवतो. पलीकडे कासव बुडी मारतं. आकाशातून आलेला धोंडा, डोंगर गिळणारा लाव्हा, सगळ्यातून बेडकांची जात तगली. हा मात्र याच गाळात रुतणार, गाळाचा काळा दगड होणार, त्यावर पुन्हा लाव्हाचा थर चढणार.

१८४७. लंडनमध्ये रिचर्ड ओवेन वरळीच्या त्या काळ्या दगडातले नाजूक सांगाडे निरखतोय. नाव ठेवतो: राना पुसिला, म्हणजे चिमुकला बेडूक. १८४२ मध्ये 'डायनोसॉर' हे नावही यानेच जगाला दिलेलं. पुढे १९३० साली नोबल नावाचा शास्त्रज्ञ या बेडकाला 'इंडोबॅट्रॅकस' म्हणजे भारतीय बेडूक करणार. मुंबईकर तो आधीपासूनच होता.

"ओ काका, बाजूला व्हा!" हातगाडी अंगावर येते. ठसका थांबलाय. तुम्ही मागे वळून ठेल्यापाशी जाता.

"बेडूक आहे का हो?"

"बेडूक?" ठेलेवाला हसतो. "बेडूक कोण घेणार, शेठ?"