95 वर्षं ऑफलाइन: यूएसएस कोनेस्टोगा या टगबोटीची गोष्ट

यूएसएस कोनेस्टोगा ही अमेरिकी नौदलाची वाफेवर चालणारी टगबोट होती. टगबोट म्हणजे समुद्रातली टोइंगची गाडी समजा. बंद पडलेली जहाजं आणि इंजिन नसलेले बार्ज जाड दोरखंडाने ओढून न्यायचे, हे तिचं काम. 25 मार्च 1921 रोजी ही बोट 56 जणांना घेऊन निघाली आणि गायब झाली. ती सापडल्याची घोषणा झाली थेट 23 मार्च 2016 ला!

नोकरीची सुरुवात

1904 साली मेरीलँड राज्यातल्या स्पॅरोज पॉइंट इथे ही 170 फुटी बोट बांधली गेली. तेव्हा ती नौदलाची नव्हतीच, एका रेल्वे कंपनीचे कोळशाचे बार्ज ओढायची. पहिल्या महायुद्धात नौदलाला अशा बोटींची गरज पडली. सप्टेंबर 1917 मध्ये ती विकत घेतली गेली आणि तिच्यावर 3 इंची तोफ बसली. (ही तोफ लक्षात ठेवा.)

युद्धात तिने अटलांटिकच्या किनाऱ्यावर टोइंग केलं, बर्म्युडा आणि अझोर्स बेटांपर्यंत सामान पोचवलं, जहाजांच्या ताफ्यांसोबत राहिली. युद्धानंतर नॉरफोकच्या बंदरात साधी हार्बर ड्यूटी. 1920 मध्ये तिला एटी-54 हा क्रमांक मिळाला आणि पाठोपाठ बदलीची ऑर्डर आली: पॅसिफिकमधल्या अमेरिकन सामोआला.

शेवटचा प्रवास

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मेअर आयलंडवर दुरुस्ती करून बोट निघाली. पुढचा थांबा हवाईचं पर्ल हार्बर, म्हणजे जवळपास 3,900 किलोमीटर. कप्तान होते लेफ्टनंट अर्नेस्ट जोन्स. बोट निघण्याच्या आधीच्या तासाभरात वाऱ्याचा वेग ताशी 23 मैलांवरून 40 मैलांवर गेला होता, समुद्रही खवळलेला होता. त्यात मागे कोळशाचा बार्ज बांधलेला.

नंतर दुसऱ्या एका जहाजामार्फत तिचा एक तुटक रेडिओ मेसेज पोचला: वादळाशी झुंज चालू आहे, बार्ज लाटांनी तुटून गेलाय. बास. मोबाइलवर आपण दोन टॅपमध्ये लाइव्ह लोकेशन पाठवतो, पण तेव्हा जीपीएस नव्हतं. सूर्य आणि तारे बघून आपण कुठे आहोत ते काढायचं आणि रेडिओवर सांगायचं. आभाळच भरून आलं तर तेही बंद.

बोट हवाईला पोचली नाही, म्हणून नौदलाने तिला हवाईच्या आसपास शोधलं. मोठा शोध होता, जहाजंही होती आणि विमानंही. मग 17 मे ला मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून दूर एक रिकामी लाइफबोट सापडली, तिच्यावर ‘सी’ हे अक्षर. तेवढ्या एका अक्षरावरून शोध तिकडे वळला. तिथेही काही हाती लागलं नाही. 30 जून 1921 रोजी बोट आणि सगळे 56 जण गमावल्याचं जाहीर झालं. घरच्यांना नक्की काय झालं ते कुणीच सांगू शकलं नाही, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

सोनारने काय दाखवलं?

2009 मध्ये अमेरिकेची नोआ ही संस्था सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फॅरालन बेटांभोवती समुद्रतळाचा नकाशा बनवत होती. कोनेस्टोगाला शोधायला कुणी गेलंच नव्हतं. वापरात होता मल्टीबीम सोनार. हा जहाजाच्या तळातून खाली पंख्यासारखे आवाजाचे झोत सोडतो आणि प्रत्येक प्रतिध्वनीला परत यायला लागलेला वेळ मोजतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1,500 मीटर जातो. म्हणजे 57 मीटर खोलीवरून प्रतिध्वनी यायला सेकंदाचा तेरावा भाग पुरतो. असे लाखो बिंदू जोडले की तळाचं चित्र तयार होतं. त्या चित्रात एक नोंद नसलेलं जहाज दिसलं.

2014 आणि 2015 मध्ये तिथे रिमोटवर चालणारा रोबो उतरवला. तो केबलनेच जोडलेला असतो, कारण रेडिओ लहरी पाण्यात फार दूर जात नाहीत. म्हणून खाली वाय-फाय, जीपीएस काहीच चालत नाही. कॅमेऱ्यात चार पात्यांचा प्रोपेलर दिसला, टोइंगचे खुंट दिसले आणि ती 3 इंची तोफ दिसली. साध्या टगबोटीवर तोफ कशी असेल? ओळख इथेच पक्की झाली.

बोट होती सॅन फ्रान्सिस्कोपासून 50 किलोमीटरच्या आतच, दक्षिण-पूर्व फॅरालन बेटापासून फक्त 3 मैलांवर, 189 फूट खोल. जागा आणि दिशा बघून अभ्यासकांचा अंदाज असा, की वादळात जोन्स यांनी बोट बेटाच्या आडोशाला वळवली होती. म्हणजे हवाईकडे शोध सुरू होण्याच्या कितीतरी आधीच ती बुडाली असावी.

आज ती तिथेच आहे, पांढऱ्या समुद्रफुलांनी झाकलेली. मानवी अवशेष मिळाले नाहीत. बुडालेल्या लष्करी जहाजांसाठी अमेरिकेत 2004 चा कायदा आहे, त्यामुळे परवानगीशिवाय तिथून काहीही उचलता येत नाही.