‘सस्पेक्ट’ : एका शब्दाचा अर्थेतिहास

इंग्रजीतील ‘सस्पेक्ट’ या शब्दासाठी आपले कोश ‘संशय घेणे’, ‘संशयित’ असे प्रतिशब्द देतात. ते चूक नाहीत. परंतु या शब्दाच्या मुळाशी एके काळी आदराचाही अर्थ होता, याचा त्यांवरून काहीच सुगावा लागत नाही.

लॅटिनमध्ये ‘सुब्’ (खालून) हा उपसर्ग आणि ‘स्पेकेरे’ (पाहणे) हा धातू मिळून ‘सुस्पिकेरे’ हे क्रियापद सिद्ध झाले. अर्थ, खालून वर पाहणे. आता खालून वर दोन रीतींनी पाहता येते. मान उंचावून आकाशाकडे पाहावे, तसे पाहणे पूज्यभावाचे. सिसेरोने आकाशदर्शनाच्या संदर्भात हेच क्रियापद वापरले आहे. मान खाली ठेवून भुवयांआडून पाहणे मात्र अविश्वासाचे. लॅटिन भाषेने या दोन अर्थांची रूपांमध्ये जवळजवळ वाटणीच केली. कर्तरी क्रियापद बहुधा आदराकडे राहिले. ‘सुस्पेक्तुस्’ हे कर्मणि धातुसाधित संशयाकडे गेले. आणि संशय घेण्याच्या क्रियेसाठी ‘सुस्पिकारी’ हे निराळे क्रियापद रूढ झाले. वाटणी अगदी काटेकोर नव्हे. सॅलस्टने जुगुर्थाच्या युद्धाच्या इतिहासात राजाला संशयास्पद झालेला आणि स्वतःही राजाविषयी साशंक असलेला बोमिल्कार वर्णिताना दोन्ही रूपे संशयाच्याच अर्थी शेजारी शेजारी योजली आहेत. इंग्रजीच्या वाट्याला आले ते धातुसाधित. त्यामुळे आदराचा अर्थ वाटेतच गळाला. ते काम ‘मागे वळून पाहणे’ या अर्थाच्या ‘रिस्पेक्ट’ने केले.

‘स्पेकेरे’चा धातू आपल्याला परका नाही. ‘पश्यति’ हे रूप त्याच मूळ धातूचे. पाणिनीने ‘पश्य’ हा ‘दृश्’चा आदेश मानला असला, तरी ऐतिहासिक दृष्ट्या ते दोन स्वतंत्र धातू होत. ऋग्वेदातील वरुणाचे हेर ‘स्पश्’ म्हणविले जातात, त्यांत आद्य सकारही टिकून आहे. इंग्रजीतील ‘स्पाय’ हा जर्मानिक शाखेतून, फ्रेंचच्या मार्गाने आलेला त्याचाच सगोत्र. आणि ग्रीकमध्ये वर्णविपर्यय होऊन त्याच धातूपासून ‘स्केप्टिक’ निघाला. हेर, संशयवादी आणि संशयित अशी ही एका कुळातील मंडळी आहेत!

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकात प्रथम विशेषण म्हणून आला. चॉसरमध्ये तो तसा आढळतो. क्रियापद पंधराव्या शतकातील. आणि ‘संशयित मनुष्य’ या अर्थाचे नाम सोळाव्याच्या अखेरचे. शेक्सपिअरच्या काळी तेच नाम ‘संशय’ या अर्थीही चाले. विशेषणाचे नाम झाले, की एक गुण माणसाची ओळख होऊन बसतो. राजकारणाला हे सोयीचे ठरले. फ्रान्समध्ये 17 सप्टेंबर 1793 च्या संशयितांविषयीच्या कायद्याने वर्तन, संबंध, बोलणे वा लिहिणे एवढ्यावरून माणसे या वर्गात घातली. नागरिकनिष्ठेचा दाखला नाकारला जाणे, हेही त्यास पुरे होते. आयर्लंडमध्ये 1881 च्या दडपशाहीच्या कायद्याखाली खटल्याविना डांबलेल्यांना ‘सस्पेक्ट्स’ हेच नाव पडले. पार्नेल त्यांपैकीच एक.

मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचा भेद ‘सस्पेक्ट’ आणि ‘डाउट’ यांमधील आहे. एखादी गोष्ट असावी असे वाटणे हा पहिल्याचा कल, नसावी असे वाटणे हा दुसऱ्याचा. (स्कॉटलंडच्या बोलीत मात्र ‘डाउट’ आजही पहिल्या अर्थी चालतो.) आपण हा भेद शब्दाने नव्हे, वाक्यरचनेने दाखवितो. ‘तो आला असावा अशी शंका आली’ आणि ‘तो येईल याची शंकाच आहे’ या वाक्यांत शंका एकच, रोख उलट. व्यवहारात एवढ्याने भागते. कायद्याच्या भाषेत भागत नाही. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 54, 1973 च्या संहितेचे कलम 41 आणि 2023 च्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 35 या तिन्ही ठिकाणी वाजवी ‘सस्पिशन’ हे वॉरंटाविना अटकेचे एक कारण आहे; वाजवी ‘डाउट’ हे सुटकेचे. मराठीत माणूस संशयावरून पकडला जातो आणि संशयाचाच फायदा मिळून सुटतो. पहिला संशय पोलिसाचा, दुसरा न्यायाधीशाचा. पहिला त्याच्याविषयी, दुसरा त्याच्यावरील आरोपाविषयी. वृत्तपत्रांतील ‘संशयित आरोपी’ हा जोडशब्द तर या दोन टप्प्यांमधले अंतरही पुसून टाकतो. ‘सस्पिशन’साठी ‘संशय’ व ‘डाउट’साठी ‘शंका’ अशी वाटणी परिभाषेत काटेकोरपणे पाळता येण्यासारखी आहे. लॅटिनने एकाच धातूच्या रूपांत ती केली, आपल्याजवळ तर दोन स्वतंत्र शब्द आहेत.