कॉल तुटल्याची ओळख, ईपीएबीएक्समधील

कार्यालयातील ईपीएबीएक्सला जोडलेल्या बाहेरच्या लाइनवर समोरच्या माणसाने फोन ठेवला आहे, हे यंत्राला कळण्याची व्यवस्था. तंत्रज्ञ हिला 'डिस्कनेक्ट सुपरव्हिजन' म्हणतात. ती नसली किंवा चुकली, की दोन तक्रारी बहुधा जोडीने येतात : लाइन अडकून राहते आणि व्हॉइसमेलमध्ये रिकामे निरोप साठतात. अडकलेल्या लाइनवर नवा कॉल येऊ शकत नाही, बाहेर फोन लावणाऱ्याला डायल टोन मिळत नाही. यंत्र बंद करून चालू केले की सारे सुरळीत होते. त्यामुळे मूळ दोष अनेकदा महिनोन्‌महिने तसाच राहतो.

कारण. ॲनालॉग लाइनला एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश पुरवठा असतो. रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होऊन प्रवाह वाहतो, ठेवला की थांबतो. ग्राहकाने फोन ठेवल्याचे एक्स्चेंजला असे आपोआप कळते. उलट दिशेने, म्हणजे पलीकडच्याने फोन ठेवल्याची खबर ग्राहकाकडे येण्यासाठी, अशी अंगभूत सोय नाही. माणूस दोनदा 'हॅलो' म्हणून फोन ठेवून देतो. यंत्राला मात्र स्पष्ट खूण लागते. ती खूण पुढीलपैकी एका प्रकारे मिळते :

(१) एक्स्चेंज लाइनचा प्रवाह क्षणभर, साधारणतः अर्धा सेकंद किंवा त्याच्या आसपास, तोडते. ही सर्वांत भरवशाची खूण होय.
(२) लाइनची ध्रुवता उलटते. भारतात पीसीओच्या बिलिंग यंत्रांसाठी ध्रुवबदलाची सोय वापरली जात असे. तीच ध्रुवता फोन उचलतानाही बदलत असेल, तर चुकीच्या मांडणीमुळे कॉल सुरू होताच तुटतो.
(३) केवळ एंगेज टोन वाजतो आणि तो यंत्राला 'ऐकून' ओळखावा लागतो.

रिकाम्या निरोपांची तपासणी. निरोप 'रिकामा' आहे एवढ्या तक्रारीवर काम सुरू करू नये. तो शेवटपर्यंत ऐकावा. काही सेकंदांचा एंगेज टोन भरलेला असेल, तर खूण आली पण उशिरा ओळखली गेली. टोन निरोपाच्या ठरवलेल्या कमाल लांबीपर्यंत चालू असेल, तर ती ओळखलीच गेली नाही. डायल टोन ऐकू येत असल्यास एक्स्चेंजने कॉल सोडला आहे आणि यंत्रानेच लाइन धरून ठेवली आहे. निव्वळ शांतता असल्यास कॉल करणारा बीपनंतर न बोलता थांबला असण्याची किंवा आवाजाचा मार्गच तुटलेला असण्याची शक्यता पाहावी. स्वागताचा मजकूर लांबलचक असेल, तर लोक बीपच्या आधीच फोन ठेवतात. खूण उशिरा कळणाऱ्या लाइनवर तेवढ्यानेही निरोप तयार होतो.

दुसरी पायरी रोझेटपाशी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाइनच्या दोन तारांना लावावा. फोन ठेवलेला असताना ४८च्या आसपास आणि उचलल्यावर बहुधा दहाच्या खाली आकडा दिसतो. मोबाइलवरून त्या लाइनवर कॉल करून तो उचलावा आणि मग मोबाइलचा कॉल तोडावा. आकड्यामागे वजाचे चिन्ह आले किंवा गेले, तर ध्रुवता बदलली. आकडा क्षणभर शून्याकडे गेला, तर प्रवाह तुटला. मात्र साधा मीटर एवढा लहान खंड चुकवू शकतो, म्हणून चाचणी अनेकदा करावी. दोहोंपैकी काहीच दिसले नाही, तर प्रवाहतोड वा ध्रुवबदल सुरू करून देण्याची मागणी एक्स्चेंजकडे करता येते. ती मान्य न झाल्यास टोनवरच विसंबावे लागते.

टोनवरून ओळख. भारतातील एंगेज टोन ४०० हर्ट्झचा असून ०.७५ सेकंद चालू आणि ०.७५ सेकंद बंद अशा लयीत वाजतो. मार्ग मोकळा नसल्याचा टोन त्याच वारंवारतेचा, पण ०.२५-०.२५ सेकंदांचा. ब्रिटनमध्ये एंगेज टोनची लय ०.३७५ सेकंदांची, तर अमेरिकेत ४८० व ६२० हर्ट्झचे मिश्रण अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने वाजते. परदेशी मांडणीचे यंत्र भारतीय लाइनवर तसेच लावले, तर टोन वाजत राहतो आणि यंत्र त्याला बोलणे समजते.

ॲस्टेरिस्क या मुक्त ईपीएबीएक्स प्रणालीत 'बिझीडिटेक्ट' चालू करून 'बिझीकाउंट'मध्ये किती आवर्तने मोजायची ते आणि 'बिझीपॅटर्न'मध्ये लय (भारतासाठी ७५०, ७५० मिलिसेकंद) देतात. देशाचा टोन-विभाग बदलणे पुरेसे नाही. त्याने यंत्र स्वतः वाजवते ते टोन बदलतात. प्रणालीच्या नमुना फाइलीत आवर्तनांची मूळ संख्या ३ असून ६ किंवा ८ अधिक सुरक्षित मानली आहे. भारतीय लयीत एका आवर्तनाला दीड सेकंद लागतो. ४ आवर्तनांना ६, तर ८ आवर्तनांना १२ सेकंद. संख्या कमी ठेवली तर होल्डवरील संगीताच्या ठेक्यावर चालू संभाषण तुटते, वाढवली तर तेवढा टोन निरोपात भरतो. प्रवाहतोड मिळत असल्यास त्या पोर्टला 'लूपस्टार्ट' न देता ती खूण ओळखणारे 'कूलस्टार्ट' सिग्नलिंग द्यावे. बाहेरची लाइन घेणाऱ्या एफएक्सओ पोर्टला एफएक्सएस (फोनला लाइन पुरवणाऱ्या पोर्टच्या) प्रकारचे सिग्नलिंग लिहावे लागते. नवख्यांची चूक बहुतेकदा येथेच होते.

व्हॉइसमेलच्या मर्यादा. शांततेवर ध्वनिमुद्रण थांबवण्याची सोय एंगेज टोनपुढे निरुपयोगी ठरते, कारण टोन म्हणजे शांतता नव्हे. किमान लांबीपेक्षा छोटे निरोप टाकून देता येतात. पण ती मर्यादा टोन ओळखण्यास लागणाऱ्या वेळाहून जास्त हवी. शांततेची मुदत किमान लांबीपेक्षा कमी असावी, अन्यथा रिकामे निरोप टिकतात, अशी सूचना ॲस्टेरिस्कच्या नमुना फाइलीतच आहे. छोटे निरोप सरसकट टाकावेत का, याबाबत मतभेद आहेत : 'परत फोन करा' एवढाच खरा निरोपही त्यात जाऊ शकतो.

इतिहास. व्हॉइसमेलचे अमेरिकी पेटंट गॉर्डन मॅथ्यूज यांना १९८३ मध्ये मिळाले. जनकत्वाबाबत एकमत नाही. ॲस्टेरिस्क मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केले. त्याच्या 'झॅपटेल' या कार्ड-चालकाचे नाव ट्रेडमार्कच्या कारणाने २००८ मध्ये 'डाहडी' झाले.

डिजिटल लाइन. पीआरआय व एसआयपी जोडण्यांत कॉल संपल्याचा स्वतंत्र संदेश येतो. त्यामुळे तेथे सामान्यतः हा दोष उद्भवत नाही.