'वळण' शब्दाविषयीं थोडेसें

'वळणें' हें क्रियापद संस्कृत 'वल्' धातूचें. धातुपाठांत त्याचे अर्थ संवरण व संचरण. पिळाचा व घडीचा अर्थ मात्र 'वलय', 'वलि' या शब्दांत दिसतो. फलाचें फळ, तशी वलीची वळी; जोड लकार असता तर 'गल्ला'च्या गालाप्रमाणें लकारच राहता.

दोर वळला म्हणजे हात काढल्यावरहि पीळ राहतो; संवयीस 'वळण' म्हणतात तें यावरूनच असावें, असें आम्हांस वाटतें. मोडीचें चिटणिशी किंवा बिवलकरी वळण याच जातीचें. तरुणपणीं बोटांस लागलेलें वळण लेखक म्हातारपणींहि सोडीत नाहीं, आणि शिष्य तेंच उचलतो. यास्तव मितिहीन कागदाचें सालच निव्वळ वळणावरून सांगणाऱ्या संग्राहकांशीं आमचा मतभेद आहे. मजकुरांतील नांवें, शिक्के व कागद हीं आधीं तपासावींत.