‘यीजिन जिंग’ची दोन प्रास्ताविके

बोधिधर्माने शाओलिन मठातील भिक्षूंना व्यायामविद्या दिली, ही आख्यायिका आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. तिचा मुख्य आधार ‘यीजिन जिंग’, म्हणजे स्नायू पालटण्याची पोथी. तिची कूटता उघड होते ती प्रास्ताविकांतूनच. पहिले थांग सेनापती ली जिंग याच्या नावावर, इ. स. 628 चे, पोथी ज्याच्याकडून मिळाल्याचे त्यात म्हटले आहे तो दाढीवाला वीर कथेतले पात्र आहे! दुसरे 1142 चे, सेनानी न्यू गाओ याचे. आणि हा प्रास्ताविककार आपण निरक्षर असल्याचे स्वतःच सांगतो. छिंगकालीन पंडित लिंग तिंगखान याने ही बनावट ओळखली होती. पोथी बहुधा 1624 च्या सुमाराची, एका ताओपंथीयाची.

मावांगदुई येथील इ. स. पू. 168 च्या थडग्यात 1973 मध्ये रेशमी वस्त्रावरील व्यायामाच्या 44 आकृत्या सापडल्या. म्हणजे अशा कसरती बोधिधर्माच्या कितीतरी आधीपासून चीनमध्ये होत्या. तरीही पोथी टाकाऊ ठरत नाही. सतराव्या शतकातील ताओपंथीयाला आपल्या साधनेसाठी भारतीय बौद्ध भिक्षूचे नाव का हवेसे वाटले, हा प्रश्न मला कर्तृत्वाच्या वादाहून मोलाचा वाटतो. नामदेवांच्या नाममुद्रेने अभंग रचणाऱ्या उत्तरकालीन कवींचा शोध घेणाऱ्या मराठी अभ्यासकाला तो अपरिचित नाही.